हिरवी सही

गजभिये बाई कुठे उशिरा पोहोचल्या असं मला एकदाच आठवतं. एरवी अठरा वर्षांत मी त्यांच्याआधी शाळेत पोहोचलो असा एक दिवस गेला नाही. आणि मी काही ऐरागैरा नव्हतो. शाळेचा कारकून होतो, कुलपाची एक किल्ली माझ्या खिशात असायची. दुसरी नत्थू चपराशाकडे. आम्ही दोघे किल्लीवाले यायचो तेव्हा बाई पायरीवर बसलेल्या असायच्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन्सिल. "या भोयर बाबू," म्हणायच्या, जणू शाळा त्यांची आणि आम्ही पाहुणे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. एकदा तर मी ईर्ष्येला पेटून पाऊण तास आधी घरून निघालो. जानेवारीची थंडी, कानाला मफलर, सायकल जोरात मारत पोहोचलो. बाई पायरीवर होत्याच. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "घरी सगळं ठीक हाय नं?"

त्यानंतर मी तो नाद सोडून दिला.

ते घड्याळही दहा मिनिटं पुढे असायचं. नवऱ्या मुलाकडचे लोक यायच्या आधी बाई मांडवात हजर. रेल्वे स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी. मोर्शीला एका लग्नाला आम्ही शाळेतले चौघे जाणार होतो, तर बाई आदल्या दिवशीच जाऊन पोहोचल्या आणि तिथे भाजी चिरत बसल्या. बुटक्या, सावळ्या, साडी कडक इस्त्रीची, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला अर्धवट धावावं लागे. लग्न केलं नव्हतं. इंदोऱ्याला भावाच्या घरी राहायच्या. शिकवायच्या गणित. वर्गात पुस्तकातली मराठी बोलायच्या, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आपली नागपुरी.

एवढी घाई कशाची, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. बाई चहा पीत होत्या. म्हणाल्या, "माहा बाबा मिलमध्ये बदलीवर होता, भोयर बाबू. रोज सकाळी गेटवर जाचं. आतले किती कामावर नाही आले ते पाहून जमादार तेवढे लोकं आत घ्यायचा. कोन हुशार, कोन मजबूत, हे कोनी नव्हतं पाहत. पुढं उभा असन त्याले काम. मागच्याले, जा घरी." कप खाली ठेवला. "बाबा पहाटे चारले जायचा. आमच्या घरी चूल पेटणार का नाही, हे बाबा रांगेत कितवा हाय त्याच्यावर होतं."

छप्पन साली दीक्षेच्या वेळीसुद्धा तो बाबा मोठ्या झालेल्या लेकीला घेऊन आदल्या दिवशीच मैदानावर जाऊन बसला होता. "पुढून तिसऱ्या रांगेत होतो आम्ही," हे बाई आयुष्यभर अभिमानानं सांगत. आमच्या स्टाफरूममध्ये यावर थट्टाही व्हायची. बाई स्वतःही हसायच्या. पण ऐकायच्या कोणाचंच नाहीत.

आमची शाळा मुलींची, इतवारीच्या पलीकडे, रुळाच्या अंगाला. हातठेलेवाल्यांच्या, मिलमधल्या, विडीवाल्यांच्या पोरी. अशा शाळेत अकरावी पास होणं हीच मोठी गोष्ट, पुढचं कोण पाहतो? बाई पाहायच्या. दिवाळी संपली की त्या देशभर पोस्टकार्डं टाकायच्या. कुठल्या कॉलेजात कोणता कोर्स, अर्ज कधी निघतात, वसतिगृह आहे का, फी माफ होते का. मग माझ्या टेबलावर लिफाफे येऊन पडायला लागत. मी कुरकुरायचो. शाळेचं टपाल शोधायला मला बाईंचं टपाल बाजूला सारावं लागे.

अर्ज भरणं हा त्यांचा एक विधीच होता. आधी मुलीनं साध्या कागदावर सगळा फॉर्म उतरून काढायचा. तो पेन्सिलनं भरायचा. बाई तपासणार, गणित तपासावं तसं, चूक तिथे लाल खूण. मग दुसऱ्यांदा. मग खऱ्या फॉर्मवर शाईनं, आणि त्या वेळी वर्गात कोणी खोकायचंसुद्धा नाही. पिशवीत डिंकाची बाटली, टाचण्या, लाख, रजिस्टरची तिकिटं. कोपऱ्यावरच्या लाल पेटीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतः स्टेशनवरच्या टपाल खिडकीशी जायच्या, समोर शिक्का मारून घ्यायच्या आणि पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या. मुलींना एकच सांगायच्या, "आपल्याले रांगेत नाही उभं राहाचं. रांग आपल्यापासून सुरू झाली पायजे."

आणि खरं सांगायचं तर व्हायचीही. त्यांच्या डब्यातल्या पावत्यांवर आमच्या पोरी नर्सिंगला गेल्या, डी.एड.ला गेल्या, एक तर थेट पुण्याला शेतकी कॉलेजात गेली. नंबर लागल्याचं पत्र आलं की बाई ते मला वाचायला लावायच्या. स्वतः वाचलेलं असायचं, तरी.

मग कुंदा आली. कुंदा रामटेके.

सत्तरीच्या सुरुवातीची वर्षं असतील. तिचा बाप शिवदास इतवारीत धान्याच्या पोत्यांचा हातठेला ओढायचा. पोत्यांवर लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या तो गोळा करून घरी आणायचा आणि कुंदा त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण बाई त्या चिठ्ठ्या घेऊन माझ्या टेबलाशी यायच्या आणि म्हणायच्या, "पाहा भोयर बाबू, हे मी नाही शिकवलं तिले. हे तिनं स्वतः काढलं." त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. मी "वा" म्हणायचो.

कुंदासाठी बाईंनी जे शोधून काढलं ते साधंसुधं नव्हतं. उत्तरेकडचं एक विद्यापीठ, नाव लिहीत नाही. मॅट्रिकनंतर थेट विज्ञानाचा पाच वर्षांचा कोर्स, आणि सगळ्या देशातून मूठभर पोरं घ्यायचे. त्यांचा एक नियम होता. निकाल लागल्यापासून दहा दिवसांच्या आत ज्यांचे अर्ज पोहोचतील त्यांची पहिली यादी, आणि वसतिगृह नि शिष्यवृत्ती पहिल्या यादीलाच. मागून येणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं शिकावं. हातठेलेवाल्याच्या पोरीला पहिली यादी म्हणजेच सगळं काही. बाईंनी तो नियम वाचला आणि खूश झाल्या. लवकर पोहोचण्याची शर्यत, आणि ती गजभिये बाईंशी!

शिवदासला त्यांनी शाळेत बोलावून घेतलं. तो माझ्या टेबलाजवळ उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसेना. "बाई, मी अडानी माणूस," तो म्हणाला. "तुमी म्हणता तं शिकू द्या. दिल्लीले शिको का इथं शिको. पण कुठं तं नाव लागलं पायजे. साल घरी बसली तं मी नाही थांबणार. वस्तीत लोकं विचारून राहिले, पोट्टी कितीची झाली म्हणून."

"नाही बसणार घरी," बाई म्हणाल्या. "तिकडं नाही लागला नंबर तं इथल्या सायन्स कॉलेजात लागन. माही गॅरंटी."

शिवदासनं मान हलवली. बाईंची गॅरंटी म्हटल्यावर त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. कुंदाचे मार्क पाहून आमचे हेडमास्तरही खुर्चीतून उठले. त्याच दिवशी मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला, आणि दाखल्याच्या नि गुणपत्रिकेच्या टाइप केलेल्या नकला काढल्या. तेव्हा झेरॉक्स नव्हतं. नक्कल टाइप करायची, खाली 'खरी प्रत' लिहायचं, आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही नि शिक्का घ्यायचा. हे अधिकारी हिरव्या शाईनं सही करायचे. खाजगी शाळेच्या हेडमास्तरची सही तेव्हा चालत नव्हती. आमच्यासारख्यांनी एका हिरव्या सहीसाठी किती चपला झिजवल्या आहेत ते आजच्या पोरांना सांगूनही कळणार नाही.

बाई कुंदाला घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशीही परतलेले नाहीत. चौथ्या दिवशी भेटले. बाई तिथून परस्पर शाळेत आल्या, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायल्या. मी विचारलं, झालं का?

"साहेबानं मार्क पाहिले," बाई म्हणाल्या. "मंग कुंदाकडं पाहिलं. बाप काय करते म्हणून विचारलं. मी सांगितलं. तं म्हणे, 'हे मूळ कागद तरी खरे कशावरून?'"

"मंग?"

"मंग काय. कागद उचलले अन् आली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. कोपऱ्यात कुंदा उभी होती. ती आपल्या पायांकडे पाहत होती.

आता मला माझं सांगावं लागेल. इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलेलं नाही. माझे सख्खे साडू तेव्हा नागपुरातच क्लास वन अधिकारी होते. त्यांच्या हिरव्या सहीवर माझ्या थोरल्याचं कॉलेजचं काम झालं होतं. मी एक शब्द टाकला असता तर चहा पिता पिता त्यांनी सह्या केल्या असत्या. पण मधल्या काळात आमचं बिनसलं होतं. मेव्हणीच्या घरी बारशाला त्यांनी चारचौघांत माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू, शाळेत घंटा वाजवतात." सगळे हसले. बायकोही जरा हसली. मी त्या दिवसापासून त्यांच्या घरची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. माझाही काही मान होता की नाही? आणि दुसऱ्याच्या पोरीसाठी मी तो का घालवू? असं मी तेव्हा म्हणालो. मनातल्या मनातच म्हणालो, पण म्हणालो.

नंतरचे दोन दिवस बाई सकाळी येऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या. नेहमी त्या पायरीवरून थेट वर्गात जायच्या. ते दोन दिवस गेल्या नाहीत. सुटीच होती म्हणा. मांडीवर तो लिफाफा, आणि काही बोलणं नाही. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही, आपण कशाला तोंड उघडा. मी मान खाली घालून दाखले टाइप करत राहिलो. मधून मधून वर पाहायचो तर त्या माझ्याकडेच पाहत असायच्या. मी पुन्हा मान खाली घालायचो.

सातव्या दिवशी सकाळी त्या उठून टेबलाशी आल्या. "भोयर बाबू, मोठा लिफाफा द्या एक." मी दिला. त्यांनी त्यात फॉर्म घातला, आणि मग दाखला आणि गुणपत्रिका घातली. नकला नव्हेत. मूळ कागद. दाखल्यावर माझं अक्षर होतं, म्हणून लगेच ओळखलं.

"बाई, मूळ कागद?"

"फॉर्मात लिहिलं हाय. सही केलेल्या नकला, नाही तं मूळ कागद. मूळ असन तं कोनाची सही नाही लागत."

"पण इथल्या कॉलेजले काय द्यान?"

"पंधरा दिवसांत वापस येतेत, असंही लिहिलं हाय." त्यांनी डिंक लावला. "आता मी कोनाच्या दारात नाही उभी राहणार. पोरीले घेऊन तं नाहीच नाही. आज टाकला तं वेळेच्या आत पोहोचते."

मी लाख वितळवून दिली. तेवढंच केलं. स्टेशनच्या खिडकीवरचा शिक्का मारलेली पावती त्या दुपारी डब्यात पडली, आणि अर्ज वेळेत पोहोचला. दहा दिवसांच्या आतच पोहोचला, याबद्दल मला आजही शंका नाही.

जुलै सुरू झाला. इथल्या सायन्स कॉलेजचे प्रवेश सुरू झाले. विद्यापीठाकडून पत्र आलं, तीन ओळींचं. पहिल्या यादीत नाव नाही. अर्ज पुढच्या यादीसाठी विचाराधीन ठेवला आहे. कागदपत्रांबद्दल एक अक्षर नाही. ठेवला म्हणजे कागदही ठेवले. बाईंनी पत्र टाकलं, मग तार केली, मग पुन्हा पत्र. उत्तर तेच, विचाराधीन. इथल्या कॉलेजचा बाबू म्हणायचा, मूळ कागद आणा, एका मिनिटात नाव लिहितो. बाई त्याच्या खिडकीशी तीनदा गेल्या. चौथ्यांदा मी बरोबर गेलो. तो बाबू माझ्याच जातकुळीचा, म्हणजे कारकून. त्याला मी हात जोडले. तो म्हणाला, "भाऊ, तुमी माझ्या जागी असते तं घेतलं असतं का?" नसतं घेतलं. ते मला माहीत होतं आणि त्यालाही.

आमच्या हेडमास्तरांना दुसरा दाखला मागितला. ते म्हणाले, दाखला हरवला तर दुसरा देता येतो, हा हरवलेला नाही, पाठवलेला आहे. गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्डाकडून यायला दिवाळी उजाडली असती. शिवदासनं पोळ्यापर्यंत वाट पाहिली. कबूल केलं त्यापेक्षा जास्तच पाहिली म्हणायची. कॉलेजचे प्रवेश तर कधीच बंद झाले होते. पोळा झाला आणि बुटीबोरीकडच्या एका गावचे पाहुणे कुंदाला बघायला आले. मुलगा बरा होता, घरची थोडी शेती होती.

दिवाळीनंतर शाळेच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला. आत छापील चिठ्ठी: निवड झाली नाही, कागदपत्रं परत. दाखल्याच्या कोपऱ्याला टाचणीची दोन भोकं पडली होती. बाकी तो होता तसाच होता.

कुंदाचं लग्न थंडीत झालं, वस्तीतच. साधं, बुद्धवंदना घेऊन. शिवदास दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. "बाई आल्याशिवाय नाही लावाचं," म्हणत होता. अर्धा तास थांबले, तास थांबले. पाहुण्यांकडची माणसं चुळबुळायला लागली तेव्हा शेवटी लग्न लावलं. जेवणं झाली. माणसं पातळ झाली. मांडवाची कनात सोडायला लागले तेव्हा गजभिये बाई आल्या. मी म्हटलं ना, एकदाच उशीर झाला, तो हा. चालत आल्या होत्या, सावकाश. त्यांना असं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शिवदास पुढे झाला. "बाई, तुमचा काही दोष नाही. तिच्या नशिबातच..."

"नशीब नको म्हणू शिवदास," बाई म्हणाल्या. "मी केलं."

त्यांनी पिशवीतून लिफाफा काढून कुंदासमोर धरला. कुंदाच्या हातभर हिरव्या बांगड्या. तिनं लिफाफा घेतला नाही. "तुमच्याजवळच राहू द्या बाई. तिथं कुठं ठेवू मी?" मग म्हणाली, "जेवल्या का?" बाई नाही म्हणाल्या. तेव्हा तिनं स्वतः ताट वाढून आणलं आणि त्या नव्या साडीत बाईंसमोर बसून राहिली. बाईंनी ताटातलं सगळं संपवलं. एक घास टाकला नाही.

त्यानंतर बाई बदलल्या, पण पाहणाऱ्याला चटकन कळलं नसतं. पायरीवर त्या सगळ्यांच्या आधी असायच्याच. घड्याळ दहा मिनिटं पुढेच असायचं. पण 'लवकर' हा शब्द त्यांच्या तोंडातून गेला. अर्ज घेऊन मुलगी आली की म्हणायच्या, "थांब वं, आधी नकला." प्रत्येक मुलीच्या पाच पाच नकला. त्या वाचून दाखवायच्या, मी टाइप करायचो, मग ओळ न् ओळ ताडून पाहायच्या. मग सह्यांसाठी कचेऱ्या. ज्या दारात उभी राहणार नाही म्हणाल्या होत्या, त्याच दारांत आता त्या तास तास उभ्या राहायच्या. आत सोडायला वेळ लावला तर बाकावर बसायच्या, साहेब खेकसले तर ऐकून घ्यायच्या. मला ते बघवायचं नाही. एकदा तर नकलांच्या नादात एका मुलीची अर्जाची तारीख हुकली. ती मुलगी रडत होती आणि बाई तिला म्हणत होत्या, "मूळ कागद तुह्याजवळ हाय नं? मंग काही नाही गेलं."

मूळ कागद. कुंदाचे मात्र बाईंजवळ होते, बिस्किटाच्या डब्यात, पावत्यांच्या खाली.

मी साडूकडे गेलो का? गेलो. दोन वर्षांनी, धाकट्याच्या कागदांसाठी. त्यांनी सह्या केल्या आणि चहा पाजला. बारशाचं त्यांना काही आठवतही नव्हतं.

ऐंशी सालानंतर बाई मुख्याध्यापिका झाल्या. ज्येष्ठता असून त्यांना दोनदा डावललं होतं, शेवटची दीड-दोन वर्षं मिळाली. तोपर्यंत नियम सैल झाले होते. नकलेवर मुख्याध्यापकाची सही चालायला लागली होती. पहिल्या दिवशी हारतुरे झाले. सगळे गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर शाळेचा गोल शिक्का, आणि एक शाईची बाटली, नवी कोरी. हिरवी शाई. इतवारीतून स्वतः आणली होती.

"भोयर बाबू, हे टाइप करून आणा. दोन प्रती."

कुंदाचा दाखला. कुंदाची गुणपत्रिका. कुंदाची थोरली तेव्हा शाळेत जायला लागली होती. मी कागद उचलले. बाहेर येऊन टाइप केलं, चष्मा दोनदा पुसावा लागला. नकला आत नेल्या. बाईंनी एकेक ओळ ताडून पाहिली, माझी एक चूक काढली, दुरुस्त करून आणायला लावली. मग दौत उघडली, पेन भरलं आणि सही केली. शिक्का मारला, फुंकर घातली. बराच वेळ त्या सहीकडे बघत होत्या.

"एवढंच होतं पाहा," बाई म्हणाल्या. "याले काही वेळ लागला का?"

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. भावाची सून डबा घ्यायला घरी गेली होती. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. खाटेशेजारच्या कपाटावर बिस्किटाचा डबा होता. कुंदा आठवड्यापूर्वी येऊन गेली होती, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवस राहिली, केस विंचरून दिले. कागद द्यायला काढले तर या वेळी तिनं घेतले. "नकलांसकट नेले," बाई म्हणाल्या. डबा रिकामा होता.

मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. बरीच वर्षं मी ते पोटात घेऊन फिरत होतो.

"बाई, एक सांगाचं होतं. कुंदाच्या वेळेस... माहे साडू इथंच होते. मोठे अधिकारी होते. मी त्यायले म्हटलं असतं तं..."

"माहीत हाय मले."

मी स्टुलावरून उठलो.

"तुमच्या थोरल्याच्या कागदावर त्यायचीच सही होती नं. तुमीच दाखवली होती मले. पाहा बाई, कशी झोकदार सही करते आमचा साडू."

दाखवली होती. सगळ्या स्टाफरूममध्ये फिरवून दाखवली होती मी ती सही.

"मंग बाई, तुमी विचारलं काहून नाही?" मी म्हणालो. "एक शब्द म्हटला असता."

बाईंनी जरा विचार केला, जणू खरंच आठवून पाहत होत्या.

"मी बसली होती नं दोन दिवस तिथं," त्या म्हणाल्या. "तुमच्या समोर. मले वाटे, आता म्हणतीन, मंग म्हणतीन."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभा होतो, आणि त्या दोन सकाळी माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या: बाक, लिफाफा, आणि वर पाहिलं की माझ्याकडे बघणारी बाई. मी त्यांना राग आलाय असं समजत होतो.

"जा आता," बाई म्हणाल्या. "शाळेची वेळ होऊन राहिली. लवकर निघा."

दारातून मी वळून पाहिलं. त्या कोपराशी गेलेलं घड्याळ खाली मनगटावर आणत होत्या. ते दहा मिनिटं पुढेच होतं. या बाईनं जन्मात कोणाच्या शब्दासाठी दहा मिनिटं वाट पाहिली नव्हती. माझ्यासाठी ती दोन दिवस बसून राहिली होती, आणि मी टाइप करत होतो.